टिटवीची जागा

अकरा वर्षं आमची दारं समोरासमोर आहेत, पण लताने माझी बेल वाजवली ती एकदाच. गेल्या सप्टेंबरात, संध्याकाळी साडेपाचला. मी कपाळाला आठ्या घालूनच दार उघडलं. कांजूरमार्गच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या वेळी पाणी येतं, आणि पाण्याच्या वेळी मला कोणी हाक मारलेली खपत नाही.

"एक फोटो बघायला येता का? सहाला बंद होईल," ती म्हणाली.

आता हिचं काय मध्येच, असं मनात आलं. पण तिचा चेहरा बघून मी नळ बंद केला आणि गेले.

लताचं आयुष्य सांगायला फार वेळ लागत नाही, आणि तेच मला खुपतं. वडील अंबादास जालन्याकडून इथे आले, इथेच गेले. भाऊ मिथुन लग्नानंतर बदलापूरला गेला, तो दिवाळीला फोन करतो. लता बावीस वर्षं घाटकोपरला एका आर्किटेक्टकडे इमारतींचे नकाशे काढत होती. ते ऑफिस बंद पडलं तेव्हा तिने पन्नाशी गाठली होती. मग आर्किटेक्टच्या मुलाने, श्रेयसने, तिला घरबसल्या काम दिलं. तो ज्या कंपनीत आहे, ती खेडच्या पलीकडच्या पठारावर बटाट्याच्या शेतांवरून ड्रोन उडवते. ते फोटो लताने तपासायचे. बटाटा झाडाला वर लागतो की खाली, हे बाईंना कामावर लागल्यावर कळलं!

दर दहा दिवसांनी ड्रोन त्याच शेतांवरून जायचा. जोमदार पीक स्क्रीनवर हिरवं दिसायचं, अशक्त पीक लाल. बटाटा उगवलाच नसेल तिथे लताने पिवळा चौकोन काढायचा, की शेतकऱ्याला मेसेज जायचा: 'आपल्या शेतात रिकामी जागा आहे, पुन्हा लागवड करावी.' फोटोत माणूस आला तर त्याच्यावर राखाडी चौकोन. माणूस दिसता कामा नये, असा नियम होता. मेसेजच्या खाली, शंका असल्यास म्हणून, लताचा नंबर असायचा. शंका कोणालाच नसायची.

जुलैत पहिला फोन आला.

"कोन बोलतंय? सारखं मेसेज कशापायी धाडता? ती जागा रिकामी न्हाई. तितं टिटवीनं अंडी घातल्यात. आमी औत वळवून न्हेलं."

ही सुगंधाबाई. सत्तरीची, सुनेच्या फोनवरून बोलत होती. टिटवी उघड्या मातीतच अंडी घालते, आणि तिची अंडी मोडायची नाहीत म्हणून लागवडीच्या वेळी त्यांनी खाटेएवढी जागा सोडली होती. जागा रिकामी का, याची कारणं निवडायची यादी लताने पाहिली. तण, पाणी, झाड, बांधकाम. टिटवी कुठेच नव्हती. तिने 'झाड' लिहून टाकलं. सगळ्या नोकरीत तिने जाणूनबुजून केलेली ही एकच चूक.

मग ड्रोन येऊन गेला की सुगंधाबाईचा फोन यायचाच. पिल्लं निघाली. पिल्लं सरीत पळायला लागली. आणि शेवटी दर वेळी, "जेवलीस का गं?" हे लताने मला त्या संध्याकाळी सांगितलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत राहिले. समोर राहून अकरा वर्षांत मी तिला हे कधी विचारलं नव्हतं.

एकदा सुगंधाबाईने विचारलं, "त्या इमानातून मी दिसती का?"

"दिसता की, मावशी. ठिपक्याएवढ्या."

"मंग मला वळकशील कशी?"

"टिटवीच्या जागेत उभ्या राहा. लगेच ओळखीन."

ऑगस्टमध्ये श्रेयसचा फोन आला. "लताताई, शेतकऱ्यांशी डायरेक्ट बोलायचं नाही हां आता. वरून ऑर्डर आहे. नंबरपण काढतोय मेसेजमधून. उगाच तुमचा आयडी बंद झाला तर वाट लागेल ना."

लता घाबरली. या वयात तिला दुसरं काम कोण देणार होतं? पुढचा फोन आला तेव्हा तिने एका दमात सांगून टाकलं, "मावशी, आता इथे फोन करू नका. माझं काम जाईल."

"बरं बाई," पलीकडून आलं. फोन बंद झाला तो झालाच.

पुढचे दोन फोटो ढगाळ दिवसांचे होते. टिटवीच्या जागेत एक ठिपका होता. बाई की पोतं, नक्की कळेना. नियम तो नियम, म्हणून लताने त्यावर राखाडी चौकोन ओढला.

आणि हा शेवटचा फोटो. बटाटे काढून झाले होते, काम संपलं होतं, सहा वाजता कंपनी सगळं बंद करणार होती. फोटो घरी ठेवून घ्यायला परवानगी नाही. मी वाकून पाहिलं. शेत उकरून तपकिरी झालेलं. पिल्लं कधीच उडून गेली होती, तरी मधोमध ती खाटेएवढी जागा तशीच राखलेली, गवताने हिरवी. त्या हिरव्यावर राखाडी चौकोन. त्या दिवशी ऊन पडलं होतं, आणि चौकोनाखालून बाहेर आलेली सावली मातीवर पसरली होती. लुगडं नेसलेल्या बाईची, एक हात वर केलेला.

"चौकोन माणसाला लावायचा असतो," लता म्हणाली. "सावलीचं नियमात काही नाही."

"अहो, मग फोन करा ना! नंबर असेल तुमच्याकडे."

"आहे. पण मीच करू नका म्हटलं ना त्यांना. आता कुठल्या तोंडाने करू?"

आम्ही दोघी त्या हाताकडे बघत बसलो. सहाला स्क्रीन पांढरा झाला. लता तरी तिथेच बघत होती. तिला ते एकटीने बघायचं नव्हतं, एवढ्यासाठीच तिने बेल वाजवली होती. मला ते कळलंही होतं. जेवायला काय करणार, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. ते अगदी ओठावर आलं होतं.

मी म्हणाले, "येते हं, पाणी जाईल."