पेशकारांचं पाणी

ऐका हो ऐका! समस्त परभणीकरांस अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आमच्या गल्लीतल्या पेशकारांचा आणखी एक मासा आज पहाटे उताणा झाला आहे. सांत्वन करणाऱ्यांनी कचेरीच्या वेळेआधी उरकावे.

ही दवंडी मीच पिटली होती, आणि लोक खरोखर आले होते. पेशकार शेरवानी घालून दारात उभे. बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलेलं, डोळे मिटलेले. कोणी तोंड उघडलं की म्हणत, "थांबा. अगोदर पाणी बघू."

कोणाची म्हैस आटो, कोणाची सून रुसो, त्यांचं उत्तर हेच.

काचेची ती पेटी आणि सोनेरी मासे त्यांनी हैदराबादेहून आणले होते ते काकूंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. अर्धांगाच्या झटक्यानंतर काकू खाटेवरच होत्या. भिंतीकडे बघून बघून त्या बोलायच्याही थांबल्या. मासे आले आणि एके दिवशी त्या आपणहून म्हणाल्या, "त्यो बारका लय खोडकर हाय." त्या दिवशी पेशकारांनी गल्लीला पेढे वाटले.

आणि मग मासे मरायला लागले.

पेशकार हट्टाला पेटले. कोणत्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजते, कोणत्या पाण्यात साबणाला फेस येतो, सगळं करून बघितलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून निळे-तांबडे कागद मागून आणले आणि पाण्यात बुडवून उन्हात धरले. वालूरच्या बारवेचं पाणी आणवलं, पावसाचं धरलं. प्रत्येक पाणी परीक्षेत पास. पास झालेलं पाणी आणखी शुद्ध व्हावं म्हणून चिंचेनं लख्ख घासलेल्या तांब्याच्या घागरीत रात्रभर ठेवायचं आणि सकाळी पेटीतलं सगळं पाणी बदलायचं. पाणी जितकं चांगलं, तितका मासा लवकर जायचा. पेशकार कागद फाडत, कंपाउंडरवर डाफरत, जेवणाचं ताट सरकवून देत.

शेवटी तो बारकाच तेवढा उरला. काकू पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडू लागल्या.

अशातच घागर गळायला लागली आणि तांबटाकडे गेली. नाइलाजानं मातीच्या रांजणातलं पाणी पेटीत पडू लागलं. घागर परत आली तेव्हा मी तिथंच होतो. पेशकार ती पेटीवर वाकवणार, एवढ्यात काकू म्हणाल्या, "ती घागर न्हाई तर मासा खेळायलाय. मी दिसभर दुसरं काय बघते?"

"अहो, तांबं म्हणजे सगळ्यात शुद्ध."

"तुमाला शुद्ध. त्याला इख हाय ते."

पाणी घरात आलं की तपासायचं, पण घागरीतून निघाल्यावर कधीच नाही, हे पेशकारांच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यांनी घागर उचलून परसात नेऊन ठेवली. बारका मात्र पुढं चांगला लठ्ठ झाला.

निजामाचं राज्य गेलं त्या हिवाळ्यात पेशकारांनी अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी त्यांची खाट काकूंच्या खाटेला लावली होती. उशाशी पेटी होती. बोलणं बंद झालेलं, पण ओठ हलत होते. काय म्हणत असतील ते तुम्हीही ओळखलं असेल. गुरुजींनी काशीहून आलेला गंगेचा तांब्याचा गडू फोडला आणि पळीत पाणी घेतलं.

काकूंनी चांगला हात पुढं करून गुरुजींचं मनगट धरलं.

"थांबा. तांब्यातलं हाय ते. अगोदर पाणी बघा."