शेवटच्या बाकावरून दिसणारा फळा

आमच्या नाशिक रोडच्या शाळेत नववीच्या वर्गाला नवा चकचकीत पांढरा फळा बसवला, त्या दिवशी तीन भाषणं झाली. एक देणगीदारांचं, एक अध्यक्षांचं आणि एक अशा पाहुण्यांचं, ज्यांचा फळ्याशी काही संबंध नव्हता. फळ्याच्या वर देणगीदारांच्या वडिलांचं नाव पितळी अक्षरांत लावलं होतं. ते शेवटच्या बाकावरूनही स्पष्ट वाचता येई. फळ्यावरचं वाचता येत नाही, हे समजायला आम्हाला दोन वर्षं लागली.

मी त्या वर्गाचा वर्गशिक्षक, मराठी शिकवायचो. आमच्याकडे मुलांना उंचीप्रमाणे बसवतात. जूनमध्ये व्हरांड्यात रांग लावायची, बुटकी पुढे, उंच मागे. मिळाली ती जागा मार्चपर्यंत. फळा बसवल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी सगळ्यात उंच एक मुलगी होती. खिडक्यांच्या समोरच्या भिंतीला लागून असलेला शेवटचा बाक तिच्या वाट्याला आला. आठवीपर्यंत बऱ्यापैकी मार्क मिळवणारी ही मुलगी पहिल्याच चाचणीत गणितात आणि विज्ञानात नापास झाली. मी प्रगतिपुस्तकात लिहिलं, ‘वर्गात लक्ष नाही’. हा शेरा लिहिताना तेव्हा मला विचार करावा लागत नसे.

तिची आई सिन्नरच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. शिफ्ट बुडवून ती शाळेत आली.

“सर, स्पष्ट सांगा. हिचं डोकं चालत नसेल तर येवल्याला मामाकडे पाठवते. पैठणीच्या मागावर बसेल, हात तरी चालतील.”

“डोळे तपासून घ्या एकदा.”

“घेतले. नंबर नाही निघाला.”

“मग अभ्यास कमी पडतोय.”

“वार्षिक परीक्षेपर्यंत थांबते. त्यात नापास झाली तर मामाकडे.”

मी मान हलवली. मुलगी शेजारीच उभी होती.

दिवाळीनंतर गणिताला नव्या बाई आल्या. मधल्या सुट्टीत त्या रिकाम्या वर्गात एकेका बाकावर जाऊन बसायच्या. शिपाईमामा मला हळूच म्हणाले, “सर, बाई एकट्याच फळ्याकडे बघत बसतात. घरी काही टेन्शन आहे का त्यांना?”

आठवड्याभराने बाईंनी मलाच बोलावून त्या मुलीच्या बाकावर बसवलं. माझे गुडघे आत मावेनात. बाईंनी फळ्यावर काहीतरी लिहिलं.

“वाचा, सर.”

फळ्यावर पलीकडच्या भिंतीतल्या खिडकीचा उजेड चमकत होता. त्यात बाहेरची पाण्याची टाकी दिसली, टाकीवरचा कावळाही दिसला. अक्षर एकही नाही.

“कावळा आहे,” मी म्हणालो.

“तिलाही जूनपासून कावळाच दिसतोय.”

मुलीला विचारलं, तू सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, “मला वाटलं, सगळ्यांना असंच दिसतं. बाकीचे हुशार आहेत, त्यांना ऐकून समजतं.”

मला आदल्या दोन वर्षांत त्या बाकावर बसलेली दोन मुलं आठवली. दोघंही उंच होती. त्यातल्या एकाने शाळा सोडली होती. त्याच्या प्रगतिपुस्तकात काय लिहिलं होतं, ते मला कपाट उघडून बघायची गरज नव्हती.

मागच्या भिंतीवर जुना सिमेंटचा काळा फळा होता, तक्त्यांनी झाकलेला. बाईंनी तक्ते काढले आणि सगळे बाक त्याच्याकडे तोंड करून फिरवले. उंचीची रांग मोडली. दर सोमवारी प्रत्येकाने जागा बदलायची. गणित सोडवून झालं की त्या ‘समजलं का?’ असं विचारत नसत, ‘कुठपर्यंत समजलं?’ असं विचारत. मुलगी पहिल्या दिवशी म्हणाली, “पहिल्या ओळीपर्यंत.” वर्ग हसला. बाईंनी दुसऱ्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. महिन्याभरात हसणारेही खरी ओळ सांगू लागले.

मुख्याध्यापकांना एकच काळजी होती. “अहो, देणगीदार आले तर त्यांच्या वडिलांकडे पोरांची पाठ!”

“बाक फिरवायला पाच मिनिटं लागतात, सर,” बाई म्हणाल्या.

जानेवारीत देणगीदार आलेच. बाक फिरवले, फोटो काढले, या फळ्यामुळे मुलांचं भवितव्य उजळल्याचं एक भाषणही झालं. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मुलांनी बाक पुन्हा काळ्या फळ्याकडे वळवले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

निकालाला आई पुन्हा शिफ्ट बुडवून आली. गणितात एक्केचाळीस, विज्ञानात एकोणचाळीस. पेढे वाटण्याजोगे नव्हेत, पण पास. आईने आकड्यांवरून दोनदा बोट फिरवलं.

“म्हणजे चालतंय हिचं डोकं.”

“चालतंय. आधीही चालत होतं. मी चुकीचं सांगितलं तुम्हाला.”

ती लेकीकडे बघून म्हणाली, “मामाला फोन करते, तू सुट्टीत येशील म्हणून. सुट्टीपुरतीच.” मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, “सर, दहावीच्या वर्गात फळा कुठल्या भिंतीला आहे?”

मी कित्येक वर्षं त्या वर्गात शिकवतोय. भिंत माहीत होती, पण शेवटच्या बाकावरून फळा दिसतो का, हे मला सांगता येईना. त्या दोघींना थांबायला सांगून मी जिना चढलो आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.