बोकडाचा होकार

जत्रेत देवळासमोर बोकड उभा केला होता. गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर कुंकू. आमच्याकडे बळी देण्याआधी त्याच्या पाठीवर पाणी ओततात. त्यानं अंग झाडलं, की कौल मिळाला, म्हणजे त्यानं होकार दिला, असं समजायचं.

या बोकडानं अंग झाडलं नाही. माळेतलं एक फूल चघळत तो शांत उभा राहिला.

"कमी पडलं, अजून ओता," माझे काका म्हणाले. दुसरी कळशी रिकामी झाली, तरी तो हलेना. मग कुणीतरी त्याच्या कानातच पाणी सोडलं. तो शहारला आणि एकच गलका झाला, "दिला, कौल दिला!"

मटण मीही खातो. पण त्या ओल्या पाठीकडे बघून माझं डोकं फिरलं. मारायचंच होतं तर विचारलंत कशाला? आणि विचारलंत, म्हणजे नाही म्हणायचा हक्क त्याला आहे, हे तुम्हांलाही मनातून ठाऊक आहे!

"काका, तो आधी दोनदा नाही म्हणाला त्याचं काय?"

"अरे, मुकं जनावर ते," काका हसले. "ते काय बोलणार?"

क्षणापूर्वी त्याच मुक्या जनावराचा होकार अख्ख्या गावाला ऐकू आला होता.