घरी जाणारे घोडे

घोडा पडला आणि मी टाळ्या पिटल्या. हा गाढवपणा मी नातवंडांपासून लपवलाय. तेव्हा आम्ही बहारीनला, नईम मोहल्ल्यात राहायचो. शेजारी एक साताऱ्याकडचा मोतद्दार होता, तिथल्या तबेल्यात घोडे सांभाळायचा. सुट्टीला तो आमच्या टीव्हीवर विलायतेतली अडथळ्यांची शर्यत बघायला येई.

"चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादत्यात, वहिनी. म्हंजी समदे बरोबरीत."

कोण जिंकेल, हे तो कधीच सांगत नसे. चाल बघून एवढंच पुटपुटे, "ह्यो धड घरी जाईल. ह्योबी."

त्या दिवशी सर्वांत जास्त वजनाच्या घोड्याला मात्र तो 'घरी जाईल' म्हणाला नाही. मी शहाणी हलक्याच्या बाजूने! जड घोडा अडथळ्यावर कोसळला, तशा माझ्या टाळ्या. माणसांनी त्याच्याभोवती हिरवा पडदा धरला.

"उठेल की आता," मी म्हटलं.

त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"पाय मोडला की गोळी घालत्यात, वहिनी. पडदा धरला की घोडा उठत न्हाई."