फ्रीजचं पुरं नाव

बेगडेवाडीला लोकलमध्ये चढणाऱ्या त्या मावशी रोज माझ्याच शेजारी बसायच्या. वलवणच्या एका बंगल्यात त्यांना नवीनच काम लागलं होतं. पदर खोचून त्या विचारायच्या, "ताई, फ्रीजचं पुरं नाव काय वो?" मग लोणावळ्यापर्यंत "रेफ्रिजरेटर, रेफ्रिजरेटर" असा जप चालायचा. जिमचं जिम्नेशियम तर त्यांनी भांड्यासारखं घासून लख्ख केलं.

एकदा मी हसून म्हटलं, "अहो मावशी, सगळे फ्रीजच म्हणतात."

"घरची मानसं म्हनतील. वळख व्हईस्तवर आपुन पुरंच नाव घ्यावं."

दिवाळीनंतर एकदा परतीच्या लोकलमध्ये भेटल्या, तेव्हा डबा उघडून त्यांनी माझ्या हातावर बर्फी ठेवली.

"खा, बाईंनी दिलीया. गार हाय बगा, आपल्या फ्रीजमधली."