खणातल्या त्या

आमच्या खोऱ्यात लापशीला कोणी 'ती' म्हणत नाही. 'त्या' म्हणतात. त्या शिजल्या, त्या करपल्या, आज त्यांच्यात मीठ कमी आहे. का, ते मला विचारू नका. माझ्या आजीलाही ठाऊक नव्हतं, आणि तिला विचारलं की पाठीत धपाटा मिळायचा.

पण शेजारच्या फारकर मकरेचा थाट वेगळाच. जन्मभर मेंढरं राखली या माणसाने. मेंढरांना शिव्या, कुत्र्याला शिव्या, पाद्रीबाबांना पाठीमागे शिव्या. लापशीपुढे मात्र टोपी काढून उभा. सोमवारी मोठं पातेलं भरून ओट शिजवायचे. दांडकं उजव्या हाताने आणि उजवीकडेच फिरवायचं, डावीकडे फिरलं तर सैतान जेवायला येतो. मग त्या सगळ्या कपाटाच्या वरच्या खणात ओतायच्या. हो, खणात, जिथे तुम्हीआम्ही सुईदोरा ठेवतो! गार होऊन थापल्या गेल्या की रोज एक वडी कापायची आणि भिंतीला पाठ लावून उभ्याने खायची, कारण बसून खाणाऱ्याच्या पाठीत शत्रू सुरा खुपसतो म्हणे. फारकरला शत्रू एकच, माझा मेंढा. त्याला सुरा धरता येत नाही, हे सांगून सांगून मी थकले.

त्याची बायको एफी जाऊन तीन वर्षं झाली. पोरबाळ नाही. इन्व्हर्नेस शहरात पुतणी आहे, शीना. ती ईस्टरला येऊन गेली आणि काउन्सिलच्या सरकारी कचेरीत कळवून मोकळी झाली, की काका एकटेच बडबडतात, त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. झालं! काउन्सिलची बाई तपासायला येणार असं पत्र आलं. तिला माणूस ठिकाणावर दिसला नाही, तर फारकरची रवानगी वृद्धाश्रमात आणि घराला कुलूप.

"इना, तू ये आणि बस माझ्याजवळ," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हा माणूस कोणाला 'बस' म्हणाल्याचं मी प्रथमच ऐकलं. घाबरला होता बिचारा.

बाई कसली, पोरगीच होती. दक्षिणेकडची, हॅरियट नावाची, बोलायला गोड. मी कोपऱ्यात विणत बसले.

"मिस्टर मकरे, तुमच्या सोबतीला कोणी असतं का?"

"सकाळी त्या असतात की."

"त्या कोण?"

"कोण म्हणजे? त्याच. खणातल्या."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. खोटं काय होतं त्यात?

"खणात... त्या स्वतःहून जातात?"

"स्वतःहून कशा जातील? मीच घालतो. गरम असताना फार खदखदतात, अंगावर येतात. दांडकं फिरवलं की गप्प. रात्रभर खणात राहिल्या की गार पडतात. मग रोज थोड्या थोड्या कापायच्या."

"कापायच्या?"

"न कापता कशा खाणार, पोरी? शुक्रवारपर्यंत पुरवायच्या असतात."

पोरगी पांढरीफटक पडली. मला वाटलं, घाटातली वळणं बाधली असतील. ती हळूहळू दाराकडे सरकायला लागली.

"आत्ता... किती जणी आहेत?"

"जणी?" फारकर चक्रावला. "खण भरून आहेत! दाखवू?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं बाई, लापशी! लापशीबद्दल बोलतोय तो मेला!" मी खण ओढला. आत करड्या रंगाची लादी, एका कडेला सुरीची खूण. पोरीने बोट लावून पाहिलं आणि अशी हसली, अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले. फारकर तेवढा दुखावल्यासारखा उभा, त्यांना हसतात म्हणून.

म्हटलं, सुटलो! पण पोरगी आता सैल झाली होती. हसत हसत तिने खालचा खण ओढला. "आणि ह्या पण त्याच का?"

आत चहाचा पत्र्याचा डबा होता.

"त्या नव्हेत," फारकर म्हणाला. "ती. माझी एफी आहे त्यात. मला पुरू नका, जाळा, जमिनीत ओल चढते, म्हणाली होती. चुलीजवळचं कपाट कोरडं असतं."

हसणं थांबलं. पोरगी मवाळपणे म्हणाली, "मिस्टर मकरे, वृद्धाश्रमात उबदार खोली आहे, डॉक्टर आहेत. डबाही आणा सोबत. यायचं का?"

"विचारतो," म्हणाला, आणि खणाकडे वाकला. "एफी, ही पोरगी चल म्हणतेय. खोली उबदार आहे म्हणे." कान देऊन ऐकत राहिला मेला. मग सरळ झाला. "नको म्हणते."

केलं आपल्या हाताने वाटोळं! पोरीने पेन उघडलं. "इनाबाई, खरं सांगा. हे असं नेहमी चालतं?"

आता सगळं माझ्या जिभेवर होतं. आणि मला खोटं धड बोलताही येत नाही.

"हे बघ पोरी," मी म्हटलं, "ती असताना चाळीस वर्षं हा माणूस तिला विचारल्याशिवाय साधा मेंढा विकत नव्हता. आज तिला न विचारता हो म्हणाला असता, तर मीच म्हटलं असतं की याचं डोकं फिरलंय, घेऊन जा."

पोरीने त्या डब्याकडे पाहिलं. मग तिने पेनाला टोपण लावलं.

"मग तुमच्या पुतणीला काय सांगू?"

"सांग," फारकर म्हणाला, "काकू नाही म्हणाली."