उन्हाकडे तोंड करून

नसीमताई गेल्याचा फोन आला तेव्हा आम्ही पलूसजवळच्या एका द्राक्षबागेत त्यांचीच वाट बघत बसलो होतो. बेदाणा सुकवायला सौर ड्रायर घ्यायचा की नाही, यासाठी बागायतदारांची बैठक होती आणि ती ताईंनीच ठरवली होती. त्या कधी उशिरा यायच्या नाहीत, त्यामुळे मी मनातल्या मनात जरा चिडलेही होते. त्यांची स्कूटर दुरुस्तीला गेली होती, म्हणून आदल्या दिवशी त्यांनी आपली सतरंजी माझ्या गाडीच्या डिकीत टाकली होती आणि स्वतः एस.टी.नं येणार होत्या. फोन त्यांच्या भावाचा होता. उंब्रजच्या स्टँडवरच छातीत कळ आली, दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं... मी बैठक रद्द केली नाही. केली असती तर ताईंनी मला उभं सोललं असतं, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. लोकांना बातमी सांगितली, सगळे थोडा वेळ उभे राहिले, आणि मग मी ड्रायरबद्दल बोलले. काय बोलले ते आठवत नाही. उंब्रजपर्यंतचा रस्ता मात्र रडत कापला.

आमची संस्था नफा कमावणारी नाही. सौर पंप, सौर गिरणी, ड्रायर असल्या गोष्टींसाठी ती गावातल्या गटांना कर्ज देते. कर्जाचे कागद बघायचे हे सांगलीच्या ऑफिसात बसून माझं काम. पण कागद होण्याआधी गावाचा भरवसा मिळवायचा, दूध डेअरीपासून बचत गटापर्यंत सगळ्यांना एका कामाभोवती गोळा करायचं आणि काम उभं राहिल्यावरही गावाला सोडायचं नाही, हे ताईंचं. त्यांच्या पदाचं नाव एवढं लांबलचक होतं की ते छापलेलं कार्ड त्यांनी कधी कुणाला दिलंच नाही. “एवढं वाचंपतुर चहा गार हुतो,” म्हणायच्या. घराणं बांगड्या विकणाऱ्यांचं. लहानपणी आईबरोबर त्या बाजाराच्या गावांना जायच्या. बांगडी भरून घेताना बाई हात सैल सोडते आणि तेव्हाच मनातलं बोलते, हे त्यांनी तिथंच पाहिलेलं. म्हणून त्यांची बैठक कधी ग्रामपंचायतीत व्हायची नाही. कुणाच्या तरी अंगणात निळ्या-लाल पट्ट्यांची ती जाड सतरंजी अंथरायची आणि साहेब असो की सरपंच, सगळ्यांनी तिच्यावरच बसायचं. खुर्ची आणायला कुणी धावलं, की ताई त्यालाच आधी हाताला धरून खाली बसवायच्या.

माण तालुक्यातल्या एका गावात बायकांच्या गटाला सौर गिरणी हवी होती. गावातली डिझेलची गिरणी बंद पडलेली, दळणासाठी डोक्यावर पायली घेऊन दुसऱ्या गावाला जायचं, आणि घरातले बहुतेक पुरुष मुंबईत माथाडी कामाला. ताईंनी आपल्या पद्धतीनं घर न् घर पालथं घातलं. गिरणी पारूबाईंच्या घराला लागून, आणि पॅनेल शेजारच्या देवळापुढच्या मोकळ्या जागेत, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. पारूबाई म्हणजे गटाच्या अध्यक्ष, वय झालेलं, जीभ धारदार. खांब रोवून झाले, पॅनेल चढली, आणि देवळाचा म्हातारा गुरव येऊन शांतपणे विचारून गेला की आता जत्रेला काठी कुठं सजवायची? त्या गावची देवाची काठी म्हणजे तीन-चार पुरुष उंचीचा वेळू. जत्रेला मुंबईहून आलेले गडी तो याच जागेत आडवा ठेवून सजवायचे आणि इथूनच उभा करून नाचवत न्यायचे. ताईंनी गाव विचारलं होतं खरं, पण अर्धं गाव मुंबईत होतं, आणि काठी त्या अर्ध्याच्या हातात.

ताई बायकांवर चिडल्या नाहीत. सतरंजी अंथरून फक्त विचारलं, तुम्हाला माहीत नव्हतं का? पारूबाई म्हणाल्या, “काठीला वरसातनं एक दिस जागा लागती. आमाला पीठ रोज लागतंय.” ताई हसल्या, आणि तो प्रश्न तिथंच मिटला. ऑफिसात मात्र मिटला नाही. आमच्या संचालकांचं म्हणणं, देवाधर्माच्या भानगडीत संस्थेनं पडू नये, सगळं उचलून ओढ्यापलीकडे न्यावं. ओढ्यापलीकडची जमीन गावच्या पुढाऱ्याची. त्याच्या जमिनीत गेली की गिरणी चार महिन्यांत त्याच्या घरची होणार, हे पारूबाईंनाही दिसत होतं आणि ताईंनाही. “मी चुकले, त्ये मी निस्तरते. गिरणी हलणार न्हाई,” एवढं बोलून त्या उठल्या. जत्रा तोंडावर होती. गडी गावात येऊन खांब बघणार, मग आवाज चढणार, आणि चढलेल्या आवाजात बायकांचं कोण ऐकणार? त्याआधीच गाठायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मुंबईच्या एस.टी.त होतो.

तिथं त्या गावच्या पुरुषांची मिळून एक खोली आहे. भिंतीला ट्रंका, वर दोरीवर कपडे, पाळीपाळीनं झोपायचं. कर्ते म्हणजे तात्या, पारूबाईंचे धाकटे दीर. त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं. ताई उठल्या, बाहेरच्या गॅलरीत सतरंजी अंथरली आणि म्हणाल्या, तुम्ही इकडं या. भरल्या खोलीतले पंधरा-वीस गडी त्या गॅलरीत कसे मावले कोण जाणे. तात्यांनी सरळ तोंडावर टाकलं, “आमाला इचारल्याबिगर केलंसा तुमी.”

“व्हय तात्या, चुकलं माझं,” ताई म्हणाल्या. “पन गिरणी तिथनं हलणार न्हाई. काठीबी हलवू नका. काठी कुठनं कशी उचलता त्ये दावा, खांब मी सरकवते.”

मला वाटलं, आता एस.टी. पकडावी. मग एकानं पाण्यात बोट बुडवून फरशीवर देऊळ काढलं, दुसऱ्यानं ते चुकीचं म्हणून पुसलं, आणि थोड्याच वेळात सगळे फरशीवर वाकून भांडत होते. भांडण ताईंशी नव्हतं, आपापसातच चाललेलं. पॅनेल दोन रांगांत करायची, मध्ये काठीला वाट सोडायची, असं ठरूनच आम्ही निघालो. निघताना तात्यांनी एवढंच विचारलं की वहिनीला दळण नीट मिळतं का.

जत्रेआधी ताईंनी खांब सरकवून घेतले. जत्रेच्या दिवशी मी गेले होते. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. तोवर गडी डोक्याला टॉवेल बांधून काठी सजवायचे, त्या वर्षी काठीचा शेंडा तेवढा उन्हात आणि गडी पॅनेलच्या सावलीत. पुढच्या वर्षीच्या जत्रेत ही सावलीची कल्पना आपलीच होती, असं तात्या सगळ्यांना सांगत होते, आणि ताई मान डोलावून दुजोरा देत होत्या! मुंबईच्या खोलीतल्या त्या गड्यांनी पुढं गावच्या डेअरीत सौर शीतपेटी बसवायला हात दिला. आमच्या अहवालांत त्यांना ‘भागीदार’ म्हणतात. ताई त्यांना माझे गॅलरीतले भाऊ म्हणायच्या.

आता ताई नाहीत. ऑफिसात ठरत होतं की त्यांच्या जागी योग्य माणूस मिळेपर्यंत माणमधली नवी कामं थांबवावीत. त्याच आठवड्यात पारूबाईंचा फोन आला. शेजारच्या वाडीतल्या बायकांना गिरणी हवी होती, शब्द ताईंनी दिला होता. मी येणार की नाही, एवढंच त्यांनी विचारलं. मी ऑफिसच्या बैठकीत सांगितलं की काम थांबणार नाही, मी जाते. मला गोड बोलता येत नाही, गावात मी बिचकते, हे सगळं खरं आहे. पण ताईंनी दिलेला शब्द माझ्या टेबलावर मरू द्यायला मी तयार नव्हते.

वाडीतल्या अंगणात डिकीतून सतरंजी काढली. तिला अजून ताईंच्या स्कूटरच्या पेट्रोलचा वास होता. अंथरली, बसले, वाडीतल्या बायका आणि त्यांच्यासाठी आलेल्या पारूबाई समोर बसल्या. बोलायला तोंड उघडलं, तर सगळ्या डोळ्यांवर आडवा हात धरून माझ्याकडे बघत होत्या. ऊन माझ्या पाठीशी होतं, त्यांच्या तोंडावर होतं. आणि तेव्हा लक्षात आलं... इतक्या वर्षांत ताईंच्या बैठकीत माझ्या डोळ्यांवर कधी ऊन आलं नव्हतं. प्रत्येक अंगणात त्या न चुकता उन्हाकडे तोंड करून बसायच्या, कपाळावर आठ्या घेऊन. मला वाटायचं, नंबर वाढला असेल चष्म्याचा.

मी उठले. बायकांना इकडं बोलावलं आणि त्यांच्या जागी जाऊन बसले. डोळ्यांसमोर नुसता उजेड, चेहरे नीट दिसेनात. पारूबाई माझ्या शेजारी सरकून बसल्या, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि म्हणाल्या, “हां. आता बोला.”